'वा!'च्या पुढचं वाक्य

मामांच्या कपाटातून आलेल्या कॅसेटींमध्ये एक सी-९०, म्हणजे ४५-४५ मिनिटांच्या दोन बाजूंची कॅसेट आहे. तिच्या कागदावर निळ्या शाईत दोनच शब्द आहेत: 'मारवा, गणपती'. कोण गातंय, कुठलं साल, कुठलं गाव, तबल्याला कोण, पेटीला कोण, यातलं काहीच नाही. मामांना ते लिहायची गरज वाटली नसणार. ते त्या मैफलीत स्वतः बसले होते, कॅसेट घरातच राहणार होती, आणि कुणी विचारलंच तर सांगायला ते होते. आता ते नाहीत. गाणं मात्र उत्तम आहे. मारवा रागातलं विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं पस्तीसेक मिनिटं चालतं, मग जलद लयीतलं द्रुत सुरू होतं, आणि ४५ व्या मिनिटाला बाजू संपते तेव्हा वर चढत निघालेली एक तान मधोमध तुटते. कॅसेट उलटून पुन्हा लावेपर्यंत मैफलीत जे गाऊन झालं, ते गेलंच.

गेली काही वर्षं आम्ही सहा-सात जण महिन्यातल्या दोन रविवारी सकाळी एकत्र बसून अशी ध्वनिमुद्रणं ऐकतो. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी वीजखात्यात आयुष्य काढलेले, कुणी औषधाच्या दुकानात बसणारे. गाणं शिकलेली एकच, तीही पाच-सहा वर्षं. सुरुवातीला गाणं संपलं की प्रत्येक जण मान हलवायचा. 'वा', 'काय लागलाय षड्ज', 'आता असं गाणं नाही', एवढं झालं की चहा यायचा. पुढच्या खेपेला, मागच्या वेळी नेमकं काय ऐकलं, हे कुणाला धड आठवत नसे. मला जे म्हणायचं आहे ते त्या चहाच्या आधीच्या पाच मिनिटांबद्दल आहे. ऐकलेल्या ध्वनिमुद्रणाबद्दल नेमकं, नावागावासकट बोलणं आणि ते लिहून ठेवणं हे श्रोत्याचं काम आहे. ते जाणकारांवर सोपवून मोकळं होता येत नाही. आणि ज्या महाराष्ट्रात गाण्याबद्दल बोलण्याची एवढी मोठी परंपरा होती, तिथे आपण ते जवळजवळ सोडून दिलं आहे.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करत होते. तिथे गौहर जान यांचं गाणं तबकडीवर उतरलं. तीनेक मिनिटांत सगळं आटोपायचं, आणि शेवटी त्या ठणठणीत आवाजात इंग्रजीत सांगतात: 'माय नेम इज गौहर जान.' तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या लोकांना हे गाणं कुणाचं हे कळावं, म्हणून ही सोय. साधी गोष्ट, पण लेबल फाटलं, खोकं हरवलं, मालक बदलले, तरी ती तबकडी आजही आपलं नाव सांगते. आता फोनवर रोज येणारे तुकडे आठवून पाहा. 'दुर्मिळ! शांतपणे ऐका!' एवढंच वर लिहिलेलं असतं. सुरुवातीचा तंबोरा कापलेला, शेवटच्या टाळ्या कापलेल्या, आणि नाव असलंच तर ते खरं असेल याची खात्री नाही. एकच भैरवी मला तीन वेगवेगळ्या गायिकांच्या नावानं आली आहे. ऐकणारी शेकडो माणसं मधे होती. 'हा आवाज त्यांचा नव्हे' असं एकाही ठिकाणी कुणी लिहिलं नव्हतं.

आवाज जपला की गाणं जपलं, असं आपण धरून चाललो आहोत. त्याची दुसरी बाजू पाहायची तर कोल्हापूरच्या दरबारी गायलेल्या अल्लादियाखाँसाहेबांकडे पाहावं लागतं. १८५५ ते १९४६ एवढं दीर्घ आयुष्य, त्यातली शेवटची चाळीसेक वर्षं तबकड्यांच्या जमान्यातली, आणि तरी त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचाही आवाज आपल्याकडे नाही. मग हे दोघं कसे गात, याची महाराष्ट्राला एवढी कल्पना कुठून आहे? एक तर शिष्यांच्या गळ्यातून, आणि दुसरं, ऐकणाऱ्यांच्या शब्दांतून. गोविंदराव टेंबे यांनी खाँसाहेबांवर लिहिलं, ते आपण ऐकलेल्या गाण्याला जागून लिहिलं. केशवराव भोळे 'एकलव्य' या नावानं गवयांवर लिहीत, तेव्हा त्यात आवाजाची जात, लयीचा स्वभाव, एखादी खोड, सगळं येई. वामनराव देशपांडे व्यवसायानं चार्टर्ड अकाउंटंट. घराण्याघराण्यांत स्वराला किती वजन आणि लयीला किती, हा हिशेब त्यांनी मांडला, त्यावर वाद झाले आणि त्या वादांतून एका पिढीचे कान तयार झाले. ही सगळी माणसं मुळात ऐकणारी होती. ऐकलेलं पुन्हा वाजवून पाहण्याची सोय बहुतेकदा नव्हती, म्हणून ती ऐकतानाच शब्दांची तयारी करत होती. आपल्याला हवं तेव्हा हवं ते ऐकायला मिळतं, आणि त्या सोयीबरोबर शब्द मात्र आटत गेले. ध्वनिमुद्रण आहे ना, मग सांगायचं काय, ऐक की!

मैफलीतल्या दादेचं काम वेगळं असतं. समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, सगळ्यांच्या माना एकदम खाली येतात, एखादी जागा अशी येते की तोंडातून 'आहा' निघून जातं, आणि ते गवयापर्यंत पोचतं. त्याला कळतं की ही जागा पोचली. तो तीच पुन्हा घेतो, थोडी वळवून घेतो. दाद हा गाण्याचाच भाग असतो, म्हणून ती एका शब्दाची असली तरी पुरते. पण ध्वनिमुद्रणापुढे बसून आपण 'वा' म्हणतो तेव्हा ते कुणाला म्हणतो? गाणारा ३० वर्षांपूर्वी गेला. तबलजीचं नाव कुणाला माहीत नाही. दाद जाण्यासारखी एकच जागा उरते, शेजारी बसलेला दुसरा श्रोता. त्याला नुसत्या 'वा'चा उपयोग नाही, कारण त्यानंही तेच ऐकलेलं असतं. तुम्ही कशाला वा म्हणालात, हे त्याला हवं असतं. मैफलीतली एका शब्दाची सवय आपण जशीच्या तशी ध्वनिमुद्रणापुढे आणली, इथेच सगळा घोटाळा झाला असं मला वाटतं.

यावर नेहमी येणारं उत्तर मला ठाऊक आहे: सूर शब्दांत पकडता येत नाहीत. हे म्हणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, कारण त्यांतल्या बऱ्याच जणांनी आयुष्यभर मनापासून ऐकलेलं असतं. पण शब्दांनी सूर पकडावा असं कुणी म्हणतच नाही. शब्दांनी बोट दाखवावं, इतकंच. अमीरखाँसाहेबांची एलपी आहे, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. तो मारवा आम्ही मागच्या पावसाळ्यात ऐकला. त्याआधी एक नियम केला होता: गाणं संपल्यावर दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकानं चार-पाच ओळी कागदावर लिहायच्या, मग वाचायच्या. शिक्षिकाबाईंना रागाचं व्याकरण काही माहीत नाही. त्यांनी लिहिलं होतं: 'आता घरी येतील, आता येतील, असं वाटत राहतं आणि ते उंबऱ्याशीच थांबतात. मला सारखं कुणाची तरी वाट पाहिल्यासारखं झालं.' गाणं शिकलेली मुलगी हे ऐकून सरसावून बसली. मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्ज, म्हणजे सा, गवई मुद्दाम लांबणीवर टाकतो. सगळी वस्ती धैवतावर आणि रिषभावर. ज्या सुराला आपण घर म्हणतो तोच टाळायचा. बाईंनी जे अनुभवलं ते रागाचं शास्त्रच होतं, फक्त त्यांच्या शब्दांत. मुलीला शास्त्र माहीत होतं, पण ते कुणाला असं उंबऱ्याशी आणून थांबवतं, हे तिला त्या दिवशी कळलं. पुढे आम्ही ती बाजू पुन्हा लावली. त्या वेळी सगळ्यांनी षड्ज मोजला. ऐकणं बदललं, ते दोन ओळींनी.

म्हणून 'आपल्याला काय कळतंय त्यातलं' हे वाक्य मला आता ऐकवत नाही. ते नम्रपणाचं वाटतं, पण त्यामुळे शेकडो चांगले कान मुके झाले आहेत. तानसेनांइतकेच कानसेन हवेत, असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. पण कानसेनानं तोंड उघडलं की त्याला आधी थाट विचारायचा, हीही रीत आहे. रागाचं नाव चुकलं म्हणून ज्याला एकदा चारचौघांत गप्प केलं, तो पुन्हा बोलत नाही. मी स्वतः शाळकरी वयात एका बैठकीत देसकाराला भूप म्हणालो होतो. आरोह-अवरोहाचे सूर तेच, पाचच. देसकारात वजन धैवताकडे आणि उत्तरांगाकडे, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागाकडे, भूपात गंधाराकडे. ही चूक कुणीही करेल. पण तिथल्या एका बुजुर्गांनी जे हसून दाखवलं, त्यानंतर दहा वर्षं मी गाण्याबद्दल कुणाशी बोललो नाही. त्यांनी त्याऐवजी 'धैवताकडे लक्ष दे' एवढं म्हटलं असतं तर माझी दहा वर्षं वाचली असती. आजही नव्या माणसाला आम्ही रागाचं नाव विचारत नाही. काय ऐकलंस, कुठे दचकलास, कुठे कंटाळलास, हे विचारतो. कंटाळासुद्धा लिहायला सांगतो. विलंबिताच्या विसाव्या मिनिटाला लक्ष गेलं असेल, तर ते का गेलं, ठेका फार जड होता की गायक त्याच जागी फिरत होता, हे शोधताना माणूस जितकं ऐकतो तितकं तल्लीन होऊन ऐकत नाही.

किशोरी आमोणकरांच्या भूपावरून आमच्यात जे झालं ते सांगण्यासारखं आहे. 'प्रथम सुर साधे' आणि मग 'सहेला रे'. औषधाच्या दुकानातल्या गृहस्थांना तो भूप उदास वाटला. शिक्षिकाबाईंना शांत. तिसऱ्यांनी लिहिलं की 'सहेला रे' मध्ये बोलावणं आहे, पण येणारा येईल अशी आशा त्या आवाजात नाही. तासभर वाद झाला. कुणी जिंकलं नाही. पण त्या तासात आम्ही मुखडा किती वेळा येतो आणि प्रत्येक वेळी 'रे' वरचा ठहराव किती वेगळा असतो, हे शोधून काढलं, कारण प्रत्येकाला आपल्या म्हणण्याला पुरावा हवा होता. मतभेद असल्याशिवाय इतक्या बारकाईनं कुणी ऐकत नाही. सगळे एकदम 'दैवी' म्हणाले असते, तर पुन्हा चहाच आला असता.

अब्दुल करीमखाँसाहेबांची 'पिया बिन नहीं आवत चैन' ही झिंझोटीतली ठुमरी तीनेक मिनिटांची. त्या काळी किती घरांत, किती हॉटेलांत, किती दुकानांत ती वाजली असेल. गदगच्या एका मुलानं ती ऐकली आणि 'मला असं गायचंय' म्हणून कोवळ्या वयात घर सोडलं. तो मुलगा पुढे कुंदगोळला खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे पोचला. भीमसेन जोशींनी ही गोष्ट सांगितली, म्हणून ती तबकडी आपल्याला एका वेगळ्या कानानं ऐकू येते. मला नेहमी वाटतं, त्या तबकडीनं आणखी कुणाकुणाचं काय केलं असेल? मिरजेत, बेळगावात, मुंबईच्या चाळीत कुणी ती ऐकून रडलं असेल, कुणी भांडण मिटवलं असेल, कुणी पेटी विकत घेतली असेल. त्यांनी लिहिलं नाही, कुणी विचारलं नाही. जो स्वतः मोठा गवई झाला त्याचा तेवढा अनुभव इतिहासात गेला. सामान्य माणसाचं ऐकणं हाही संगीताच्या इतिहासाचा भाग आहे, आणि आपला तो भाग जवळजवळ कोरा आहे.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण ध्वनिमुद्रणावर बोलताना त्याला वगळून चालत नाही. आपण जे ऐकतो तो गवयाचा आवाज आणि मधल्या यंत्रांचा आवाज, दोन्ही मिळून असतो. मायक्रोफोन येण्याआधी गाणारा कर्ण्यात तोंड घालून गात असे. तिथे तंबोरा जवळजवळ पोचतच नसे. म्हणून 'जुने लोक तंबोऱ्याकडे लक्ष देत नसत' असं त्या तबकड्या ऐकून कुणी म्हणाला तर ते खोटं ठरेल. तबकडीचा मिनिटाला ७८ फेऱ्या हा वेगही सुरुवातीच्या वर्षांत पक्का नव्हता. त्या तबकड्या वेगवेगळ्या वेगानं भरल्या गेल्या, आणि आपण त्या ७८ नं वाजवल्या की आवाज खऱ्यापेक्षा वर जातो किंवा खाली येतो. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की पूर्ण एक पट्टी बदलते, म्हणजे गाणं पेटीवरच्या शेजारच्या सुरावर सरकतं. काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये गातोय असं वाटतं, तानेला नसलेली चपळाई येते, आणि आपण म्हणतो, 'काय तयारी होती!' अलीकडे याच्या उलट प्रकार फार झाला आहे. जुनी खरखर काढायची म्हणून सॉफ्टवेअर असं काही चालवतात की खरखरीबरोबर तंबोऱ्याची जवारी, तारांचा तो झंकार, जाते, आवाजामागची हवा जाते, आणि गवई काचेच्या डब्यात बसून गायल्यासारखा वाटतो. मला ती खरखर हवी आहे. तिच्यात तंबोरा लपलेला असतो.

एवढ्यासाठी अनुभव सांगताना कुठली प्रत ऐकली हे सांगायला हवं. तबकडी की तिच्यावरून केलेली सीडी, आकाशवाणीवरून घरी टेप केलेलं की मैफलीतलं, फोनच्या स्पीकरवर की खोलीत. आमच्याकडे वीजखात्यातले जे गृहस्थ आहेत, त्यांना राग ओळखता येत नाहीत. पण 'मारवा, गणपती' ऐकताना त्यांनी गाण्याकडे दुर्लक्ष करून मागची घूं ऐकली. मैफलीत लाउडस्पीकरच्या तारांमधून जी विजेची घूं शिरते, ती आपल्याकडे ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या आसपास असायला हवी. त्यांनी ती मोजली तर ५३ च्या जवळ भरली. म्हणजे हे भरताना टेपरेकॉर्डर मंद फिरत होता आणि त्यामुळे आता गाणं एका पट्टीनं वर गेलं. वीज तेव्हा अगदी पन्नासावर स्थिर नसे, हे त्यांनीच सांगितलं. पण एका पट्टीचा फरक कळायला एवढं माप पुरे. वेग खाली आणून ऐकलं आणि आमच्या अंगावर काटा आला. गवई वयानं दहा वर्षांनी मोठा झाला होता. आवाजात भरणा आला, विलंबिताला खोली आली, आणि आधी ज्या दोन गायकांची नावं आम्ही अंदाजानं घेत होतो, ती दोन्ही बाद झाली. हे काम संगीतातल्या कुठल्याही पंडिताला सुचलं नसतं. प्रत्येक कान वेगळं काही घेऊन येतो, म्हणूनच सगळ्यांनी बोलायला हवं.

खासगी ध्वनिमुद्रणांचा प्रश्न अवघड आहे आणि मी तो सोपा करून सांगणार नाही. अनेक कलावंतांना मैफलीत टेपरेकॉर्डर नको असे. गायिका केसरबाई केरकर याबाबतीत फार कडक होत्या. बैठकीतलं गाणं समोरच्या माणसांसाठी असतं. त्यात एखादा प्रयोग फसतो, आवाज एखाद्या दिवशी साथ देत नाही, आणि ते कायमचं कुणाच्या तरी कपाटात राहावं हे कलावंताला मान्य नसेल तर त्यात अहंकार नाही, तो त्याचा हक्क आहे. आणि तरीही त्याच केसरबाईंच्या भैरवीची, 'जात कहाँ हो' ची, साडेतीन मिनिटं १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोनेरी तबकडीवर गेली. साऱ्या पृथ्वीवरचे २७ संगीताचे तुकडे, त्यांत फोंड्याजवळच्या केरी गावात जन्मलेल्या या बाईंचा एक. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला सुटलं, आणि केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण त्या साडेतीन मिनिटांत काय आहे, याबद्दल कुणाशी बोलणं झालं की बहुतेक जण यानाबद्दलच बोलतात. मला त्या भैरवीत सगळ्यात भिडतो तो आवाजाचा सरळपणा. भैरवी म्हटलं की आपण निरोप, कारुण्य, ओलावा शोधतो. केसरबाई तिथे जराही लाडात येत नाहीत. खुला, एकसंध, पेललेला आवाज, आणि तीन मिनिटांतही घाई नाही. बैठकीत दीड तास राग मांडणाऱ्या बाईनं तेवढ्यात कुठे थांबायचं आणि काय सोडायचं हे ठरवलं, तो निर्णय मला त्या गाण्यात ऐकू येतो. यावर कुणी 'नाही, मला त्यात कारुण्यच ऐकू येतं' असं म्हणणार असेल तर मला ते ऐकायचं आहे.

कायद्याची बाजू निदान काही भागात स्पष्ट आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे १९६० साली बाजारात आलेली तबकडी २०२१ च्या पहिल्या दिवशी मोकळी झाली. कलावंताचा सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षांचा. कपाटातल्या, कधीच प्रसिद्ध न झालेल्या मैफलींचं काय करायचं, हे घरच्यांना विचारल्याशिवाय ठरवू नये, असं माझं मत आहे. पण एक गोष्ट करायला कुणाच्याही परवानगीची गरज नाही. आवाज देता येत नसेल तर यादी द्या. माझ्याकडे अमुक गायकाचा तमुक राग आहे, अंदाजे या सालचा, एवढ्या मिनिटांचा, साथीला हे, आणि ऐकून मला हे वाटलं. एवढं लिहिल्यानं कुणाच्या हक्काला धक्का लागत नाही. उलट गवयाच्या घरच्यांना पहिल्यांदा कळेल की आपल्या आजोबांचं काय काय कुठे कुठे जिवंत आहे.

संग्राहकांशी मला इथे थेट बोलायचं आहे, कारण त्यांच्यामुळेच हे सारं वाचलं. पदरचे पैसे घालून टेपच्या फितींचे स्पूल घेतले, पावसात यंत्रं छातीशी धरून नेली. त्यांचं ऋण मोठं आहे. पण 'माझ्याकडे असं काही आहे की तुम्ही ऐकलेलं नाही' एवढ्यावर थांबणं आता परवडणार नाही. ॲसिटेटच्या फितीला व्हिनेगरसारखा आंबूस वास यायला लागला की ती मरायला लागलेली असते, आणि तो वास बंद कपाटात कुणाला येत नाही. दिल्लीला संगीत नाटक अकादमीचा संग्रह आहे, मुंबईत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सचा (एनसीपीए) आहे. पण महाराष्ट्र-गोव्यातला केवढा तरी साठा अजून घरांतच आहे, आणि त्याचा खरा कॅटलॉग त्या घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांनी एक जाड वही ठेवावी असं मला मनापासून वाटतं. पुस्तकांच्या नोंदवहीसारखीच. कुणाकडे काय आहे, आणि ज्यानं ऐकलं त्याला काय ऐकू आलं. ध्वनी ठेवायला यंत्रणा लागते, पैसा लागतो. वहीला फारसं काही लागत नाही. आणि साथीदारांची नावं त्या वहीत सगळ्यांत आधी लिहावीत. जुन्या तबकड्यांच्या लेबलांवर तबलजी-सारंगियांना बहुधा जागाच मिळाली नाही. निदान आपण ऐकताना 'तबला कोण?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे. एखाद्या ओळखत्या कानानं बाया, म्हणजे डग्गा, ऐकून नाव सांगितलं, तर त्या माणसाचं नाव इतक्या वर्षांनी त्याच्या कामाशेजारी येईल.

आमच्या कॅसेटवरचा कागद आता भरून गेला आहे, म्हणून तिला एक पाकीट केलं आहे. त्यावर सात जणांची अक्षरं आहेत. 'वेग ६ टक्के खाली आणून ऐकावं.' 'विलंबिताच्या मध्यावर पत्र्यावर पाऊस, म्हणजे मांडव पत्र्याचा. गणपती बरोबर असावं.' 'तबलजी ठेका सोडत नाहीत, पण समेच्या आधी दर वेळी डग्ग्यावर एक घसारा देतात, हीच खूण.' 'तान तुटते तिथे रडू येतं.' गायकाचं नाव अजून रिकामं आहे. ही सगळी टिपणं आम्ही बेळगावच्या एका जुन्या संग्राहकांना पाठवली होती. त्यांच्याकडे एका स्पूलवर नुसतं 'मारवा' लिहिलेलं आहे आणि पाऊस त्यातही आहे, असं त्यांनी कळवलं. दिवाळीनंतर ते स्पूल घेऊन येणार आहेत. आधी घूं मोजायची, मग डग्ग्यावरचा तो घसारा ऐकायचा, आणि बाजू उलटताना आमच्याकडे हरवलेली ती तान त्यांच्या फितीवर पुरी झालेली आहे का ते पाहायचं, असं ठरलं आहे.